प्रोबायोटिक आपल्या पोटाला खरंच लागू पडतं का, हे घरच्या घरी कसं बघायचं

पावसाळा लागला की आमच्याकडे रत्नागिरीत अर्ध्या वाडीचं पोट बिघडतं, विहिरीला नवं पाणी येतं, लावणीच्या दिवसात लेप्टोसाठी (चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस ताप) डॉक्सीच्या, म्हणजे डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू होतात, आणि हल्ली मेडिकलमधून येताना सोबत प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, एक स्ट्रिप पण येतेच. माझ्या आईने सलग तीन महिने घेतली, फरक पडतोय का विचारलं की म्हणायची "पडत असेल रे". एवढे पैसे घालून उत्तर "पडत असेल" हे मला काही पटेना, म्हणून नीट वाचायला बसलो.

पहिलं काम म्हणजे 'पोट सुधारायचंय' असं न म्हणता नेमकी तक्रार एका ओळीत लिहा. अँटिबायोटिक घेतलं की जुलाब होतात, की जेवल्यावर पोट डब्ब होतं, की दोन दोन दिवस साफच होत नाही? कारण तक्रार बदलली की पुरावा पार बदलतो. अँटिबायोटिकने होणाऱ्या जुलाबांवर पुरावा बरा आहे, मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला त्यात प्रोबायोटिकवाल्या ८ टक्के मुलांना जुलाब झाले आणि बाकीच्यांपैकी १९ टक्के. पण साथीचे जुलाब आधीच लागलेत तेव्हा काय? अमेरिकेत ९७१ लहान मुलांवर चाचणी झाली, २०१८ मध्ये छापून आली, जीजी नावाचं नावाजलेलं प्रोबायोटिक देऊनही काही फरक नाही. तिथे ओआरएस आणि झिंकच. आणि आयबीएससाठी (वरचेवर पोट दुखणं आणि सोबत जुलाब किंवा बद्धकोष्ठ, असा लांबणारा विकार) अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की चाचणीत भाग घेत असाल तरच घ्या, पुरावा पुरेसा नाही.

शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काही असेल तर पुढचं वाचू नका, आधी डॉक्टर. केमो चालू असलेल्यांनी, प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी आणि कमी दिवसांच्या बाळांना तर विचारल्याशिवाय अजिबात नाही, ते जिवंत जंतू आहेत.

आता पाकीट उलटं करून वाचा. 'सावंत, सिंधुदुर्ग' एवढाच पत्ता टाकला तर पत्र पोचेल का? तसंच नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' म्हणजे आडनाव झालं, 'र्‍हॅम्नोसस' हे नाव आणि 'जीजी' हा घर नंबर, आणि चाचण्या होतात त्या घर नंबरावर. तो छापलेलाच नसेल तर त्या कंपनीचा दावा तपासायला आपल्याकडे काही उरतच नाही, मी तरी असं पाकीट परत ठेवतो. मग सीएफयू, म्हणजे जिवंत जंतूंचा आकडा, तो बनवतानाचा आहे की एक्सपायरीपर्यंतचा ते बघा, बनवतानाचा असेल तर तुमच्या हातात येईपर्यंत किती उरले कोणास ठाऊक. आकडा मोठा म्हणून औषध भारी असं नसतं, चाचणीत जेवढा डोस होता तेवढा हवा. आणि आपल्या हवेत साठवण फार महत्त्वाची, पाकिटावर २५ अंशाखाली लिहिलंय आणि मे महिन्यात पार्सल दिवसभर डिलिव्हरीच्या गाडीत तापलंय, तर काय राहणार त्यात. सारखी उघडावी लागणारी बाटली दमट हवेत घेण्यापेक्षा एकेक गोळी बंद असलेली स्ट्रिप बरी.

खरी परीक्षा वहीत होते. आधी दोन आठवडे काहीही न घेता रोज लिहा, पोट किती फुगलं ते ० ते १० मध्ये, कितीदा जावं लागलं, आणि शौच कसं होतं ते ब्रिस्टल तक्त्याच्या १ ते ७ मध्ये (१ म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखं, ७ म्हणजे निव्वळ पाणी, ३-४ उत्तम). मग चार आठवडे एकच प्रोडक्ट, बाकी जेवण आहे तसंच. मग परत दोन-तीन आठवडे बंद, पण लिहिणं चालू. हे बंद करणंच लोक टाळतात आणि तिथेच फसतात, कारण आपण गोळी सुरू करतो ती त्रास सगळ्यात जास्त असताना, तो तसाही चार दिवसांनी उतरणार असतो, शिवाय गोळी घेतोय या भरवशानेही बरं वाटतं. गणपतीत किंवा आंबा-फणसाच्या दिवसात हा प्रयोग करू नका, मोदक आणि फणसाचे गरे सगळा हिशोब बिघडवतात.

आईच्या वहीत गोळी असतानाचे आणि नसतानाचे आकडे सारखेच निघाले, पण रात्री वालाची उसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी पोटफुगीला ७-८ ठरलेले. गोळी बंद केली, वाल दुपारी आणि थोडेच.

घरचं ताक जरूर प्या, फक्त त्यात कुठले जंतू किती ते मोजलेलं नसतं, आंबोळीचे तव्यावर मरतात आणि सोलकढी तर आंबवलेलीच नसते.

तुमच्या वहीत गोळी बंद केल्यावर त्रास खरंच परत आला, तर पुन्हा सुरू करून बघा, दुसऱ्यांदाही तसंच झालं तर ती तुम्हाला लागू आहे म्हणा. आणि डॉक्सीसोबत घेत असाल तर दोघांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर अँटिबायोटिक त्या जंतूंनाही मारतं, बोलार्डी नावाचं प्रोबायोटिक सोडून, कारण ते यीस्ट आहे.