पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसत नाही? या चुका टाळा

मावसबहिणीने एक्स्टर्नल हार्ड डिस्क माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "दादा, ही दिसतच नव्हती. फॉरमॅट करू का असं विचारत होती, म्हणून मी हो म्हटलं. आता दिसते, पण सगळी रिकामी आहे." त्या डिस्कमध्ये तिच्या मुलाचे सहा वर्षांचे फोटो होते. आदल्या दिवशी कॉपी चालू असतानाच केबल ओढली गेली होती आणि फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली आहे त्या मांडणीचा, थोडासा भाग बिघडला होता. एवढंच. फोटो जागेवर होते. नुकसान झालं ते नंतरच्या एका क्लिकने.

क्विक फॉरमॅट केला होता म्हणून फोटोरेक या मोफत साधनाने बरेचसे फोटो परत मिळाले, पण फाइलींची नावं गेली आणि फोल्डर गेले. कुठला फोटो कुठल्या वर्षीचा हे ठरवण्यात तिचे कित्येक रविवार गेले. तेव्हापासून कुणी 'यूएसबी दिसत नाही' म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो: तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलंत?

कारण 'दिसत नाही' ही एक तक्रार नसून तीन आहेत. पहिली, डिव्हाइस लावल्यावर काहीच घडत नाही. दिवा लागत नाही, आवाज येत नाही. दुसरी, टुंग असा आवाज येतो आणि 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा संदेश झळकतो. तिसरी, कॉम्प्युटरला डिव्हाइस कळलेलं असतं, पण 'धिस पीसी'मध्ये त्याचं चिन्ह नसतं, किंवा असतं आणि उघडायला गेलं की फॉरमॅट मागतं. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. आपली तक्रार कुठली हे न ओळखता सगळे उपाय एकामागून एक करत सुटणं, बहुतेक नुकसान इथूनच सुरू होतं.

फॉरमॅटच्या खिडकीत 'हो' म्हणू नका

विंडोज जेव्हा म्हणतं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, तेव्हा त्याचा खरा अर्थ इतकाच असतो: यावरची मांडणी मला वाचता येत नाही. डेटा गेला, असा त्याचा अर्थ नाही. खिडकीत दोनच बटणं असतात. 'कॅन्सल' दाबा आणि श्वास घ्या.

वाचता न येण्याचं कारण अगदी साधंही असू शकतं. मॅकवर एपीएफएसमध्ये किंवा लिनक्सवर ईएक्सटी४मध्ये फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला आपणहून वाचता येत नाही. ती धडधाकट असते. मूळ कॉम्प्युटरला लावली की सगळा डेटा दिसतो. डिस्क कुणाकडून आली आणि आधी कशाला लावलेली होती, हे विचारायला अर्धा मिनिट लागतो आणि पुष्कळ वेळा उत्तर तिथेच मिळतं. बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद केलेल्या डिस्कचंही तेच. तिला पासवर्ड किंवा रिकव्हरी की लागते, फॉरमॅट नव्हे.

चुकून फॉरमॅट झालाच, तर त्यानंतर त्या डिस्कवर एकही फाइल टाकू नका. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पानं तशीच असतात. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट मात्र वेगळी. विंडोज व्हिस्टापासून तो संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो, आणि मग परत मिळवण्यासारखं काही उरत नाही.

एकाच पोर्टशी झटापट

डिव्हाइस चालत नाही म्हटल्यावर तेच त्याच पोर्टमध्ये दहा वेळा काढून-घालून आपण नवीन काहीच शिकत नाही. अदलाबदल करा, पण एका वेळी एकच. आधी तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. मग त्या पहिल्या पोर्टमध्ये दुसरा पेन ड्राइव्ह. मग तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला. या तीन चाचण्यांत दोष पोर्टचा, ड्राइव्हचा की कॉम्प्युटरचा हे बहुतेक वेळा स्पष्ट होतं.

डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या पोर्टवर बघा. ते थेट मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर असतात. पुढचे पोर्ट आतल्या एका बारीक केबलने जोडलेले असतात आणि कॅबिनेट साफ करताना ती हमखास सैल होते.

पोर्टमध्ये टॉर्च मारून नक्की बघा. आतल्या चपट्या पट्टीवर किमान चार सोनेरी रेघा दिसायला हव्यात. तिथे कापसासारखा धुळीचा बोळा बसलेला असेल तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढा. पिन किंवा सुई घालू नका.

आणि ड्राइव्ह विशिष्ट कोनात धरला, थोडा वर दाबला की दिवा लागतो, असं होत असेल तर तो तसा धरून वापरणं ताबडतोब थांबवा. आत कनेक्टरचं सोल्डरिंग तडकलेलं असतं. लिहिता लिहिता संपर्क तुटला की फाइल सिस्टिम बिघडते, आणि मग एका दुखण्याची दोन होतात. हव्या त्या फाइली एकदाच काढून घ्या आणि तो ड्राइव्ह निवृत्त करा.

केबल आणि वीज

प्रत्येक यूएसबी केबलमधून डेटा जात नाही. चार्जिंगसाठी दिलेल्या काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. बाहेरून त्या अगदी सारख्या दिसतात. डिस्कचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरकडून हूं की चूं नाही, तर आधी केबल बदला.

एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या बाबतीत वीज हा मोठा मुद्दा आहे. यूएसबी २.० पोर्टने 500 मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.०ने 900 मिलिअँपिअर देणं अपेक्षित असतं. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर यापेक्षा जास्त मागू शकते. त्यात तुम्ही ती स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबमध्ये (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत), माउस आणि कीबोर्डच्या शेजारी लावलेली असेल, तर तिच्या वाट्याला पुरेशी वीज येत नाही. ती फिरू लागते, थांबते, पुन्हा फिरू लागते. हब काढा, थेट कॉम्प्युटरला लावा, केबल आखूड वापरा.

फक्त 'धिस पीसी'मध्ये शोधणं

तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीत ही चूक सगळ्यात जास्त दिसते. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या अर्ध्या भागात प्रत्येक डिस्कसाठी एक आडवी पट्टी असते. डिस्क 0 बहुधा तुमची आतली असते, तिला हात लावू नका. तुमचा पेन ड्राइव्ह त्याच्या जीबीतल्या आकारावरून ओळखा.

पट्टीवर निळी रेघ आहे, एनटीएफएस किंवा एक्सफॅट असं मांडणीचं नाव लिहिलंय, पण डी:, ई: असं अक्षर नाही? मग विंडोजने त्याला ड्राइव्ह लेटर दिलेलं नाही. राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', एखादं मोकळं अक्षर द्या, काम झालं. नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर आधी अडवलं असलं तरी हाच उपाय. कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर हे वरचेवर घडतं.

'रॉ' लिहिलेलं असेल तर मांडणी बिघडली आहे. फॉरमॅट नको, आधी डेटा काढायचा. 'अनअलोकेटेड' आणि काळी रेघ असेल तर पार्टिशनची, म्हणजे डिस्कवर पाडलेल्या भागाची, नोंद गेली आहे. तिथे नवीन व्हॉल्यूम बनवू नका. टेस्टडिस्क हे साधन बरेचदा जुनी नोंद शोधून देतं. 'नो मीडिया' आणि आकार शून्य, हे सगळ्यात वाईट. पेन ड्राइव्हची कंट्रोलर चिप बोलते आहे, पण डेटा ठेवणारी मेमरी तिला सापडत नाही. यावर घरच्या घरी सॉफ्टवेअरचा उपाय नाही.

डिस्क मॅनेजमेंट उघडताच 'इनिशियलाइज डिस्क' असं विचारलं आणि डिस्क कोरी नसेल, तर तिथेही रद्दच करा. होकार दिला तर पार्टिशनचा नवा तक्ता जुन्यावर लिहिला जातो. डिस्क तिच्या मूळ केसमधून (बाहेरच्या डबीतून) काढून दुसऱ्या केसमध्ये घातल्यावर हा प्रश्न येऊ शकतो. काही केसमधली चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहिते आणि ती चिप नसेल तर डिस्क कोरी भासते. ती परत मूळ केसमध्ये घाला.

मॅकवर 'डिस्क युटिलिटी'मध्ये 'शो ऑल डिव्हाइसेस' निवडून बघा, लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (lsblk) ही आज्ञा द्या. कामं तीच.

ड्रायव्हरच्या नावाखाली काहीही उतरवून घेणं

पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्कसाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे डिव्हाइस चालवणारं सॉफ्टवेअर, विंडोजमध्ये आधीच असतो. तो देतो म्हणणारी कुठलीही 'ड्रायव्हर अपडेटर' सॉफ्टवेअर लागत नाहीत आणि त्यांच्यासोबत नको ते कॉम्प्युटरमध्ये शिरतं.

'नॉट रेकग्नाइज्ड' संदेश येत असेल तर आधी कॉम्प्युटर बंद करा, चार्जर किंवा पॉवर केबल काढा, पॉवर बटण वीसेक सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. अडकून बसलेला पोर्ट अनेकदा एवढ्याने सुटतो. नाही सुटला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स'खाली पिवळा त्रिकोण असलेली नोंद शोधा. फक्त तीच अनइन्स्टॉल करा, ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, पुन्हा लावा. यूएसबी पोर्ट चालवणारे सगळे होस्ट कंट्रोलर सरसकट उडवू नका. कीबोर्ड आणि माउसही यूएसबीवरच असतात, ते जागीच गप्प होतात.

कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर कुठलाच पेन ड्राइव्ह चालत नसेल, पण माउस चालत असेल, तर तो बिघाड नसून बंदी असण्याची शक्यता मोठी आहे. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) हात घालू नका, आयटी विभागाला विचारा.

टकटक आवाज येणारी डिस्क

हार्ड डिस्कमधून लयीत टकटक आवाज येत असेल तर वरचं सगळं विसरा आणि ती काढून ठेवा. अशा डिस्कवर चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन चालवू नका. ते फाइल सिस्टिम दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं आणि मरणासन्न डिस्कला तासन्‌तास राबवतं. फ्रिजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो, तोही मानू नका. बाहेर काढताच आत ओलावा धरतो.

डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या. देताना काय काय करून पाहिलं ते खरं खरं सांगा, फॉरमॅट केला असेल तर तेही. आणि तिथे पोहोचेपर्यंत 'एकदा लावून बघू' म्हणून ती परत कॉम्प्युटरला लावू नका.