पुन्हा लॉकडाउन लागला तर: प्लंबर, वायरमन, सुतारांनी काम कसं चालू ठेवावं

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाउन सुरू झाला, तेव्हा माझ्या वहीत सहा कामं लिहिलेली होती. तीन डोंबिवलीतली, दोन ठाण्याची, एक मुलुंडचं. लोकल बंद, हार्डवेअरची दुकानं बंद, हेल्पर आदल्याच आठवड्यात गावी गेलेला. नळ मात्र गळायचे थांबले नव्हते. उलट माणसं दिवसभर घरात असल्यामुळे पाणी जास्त वापरलं जात होतं आणि फोनवर फोन येत होते.

आमच्या धंद्यात घरून काम होत नाही. दुसऱ्याच्या न्हाणीघरात शिरावंच लागतं, गुडघ्यावर बसावं लागतं, आणि तिथली हवा आत घ्यावी लागते. त्या दोन वर्षांत मी आणि माझ्या ओळखीच्या कारागिरांनी जे चुकतमाकत शिकलो, ते इथे क्रमाने लिहून ठेवतो आहे. हवेतून पसरणारी साथ पुन्हा कधी आली, तर पहिले दोन महिने आमच्यासारखे कुणाचे वाया जाऊ नयेत.

१. आदेश स्वतः वाचा

ही पायरी मी चुकवली आणि तिचा फटका सगळ्यात जास्त बसला. केंद्रीय गृहमंत्रालयाने १५ एप्रिल २०२० ला काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत २० एप्रिलपासून स्वयंरोजगार करणाऱ्या इलेक्ट्रिशियन, प्लंबर, मोटार मेकॅनिक, सुतार आणि संगणक दुरुस्ती करणाऱ्यांना प्रतिबंधित क्षेत्राबाहेर काम करता येईल, असं स्पष्ट लिहिलं होतं. राज्य आणि जिल्हा पातळीवर नियम याहून कडक असू शकत होते, ही गोष्ट खरी. पण आमच्यातल्या बहुतेकांना अशी ओळ आहे हेच माहीत नव्हतं. बातम्यांत ‘सगळं बंद’ एवढंच ऐकलं आणि घरी बसलो. पुढे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठवणाऱ्या राज्याच्या ‘मिशन बिगिन अगेन’च्या आदेशात ३ जूनपासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, कीटकनाशक फवारणी करणारे आणि तंत्रज्ञ यांची नावं आली, तेव्हा कुठे मी पिशवी उचलली.

म्हणून नवा आदेश निघाला की तो मराठीतून मिळवा आणि आपल्या धंद्याचं नाव त्यात शोधा. सापडलं तर त्या ओळीखाली रेघ मारून दोन प्रती छापून घ्या. एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डासोबत ठेवा, दुसरी गाडीच्या डिकीत. आदेशाच्या वर तारीख असते, ती दर आठवड्याला तपासा, कारण नियम फार भराभर बदलतात. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावायला सांगितले आणि आठवडाभरातच ती पद्धत मागे घेतली. त्याच काळातल्या निर्बंधांत पाणी किंवा वीज बंद पडल्याचं काम वेगळं धरलं होतं आणि घर सजवण्याचं वेगळं. पहिल्याला वाट होती, दुसऱ्याला नव्हती.

गिऱ्हाइकाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ मागून घ्या: नाव, पत्ता, काय बिघडलं आहे, किती वाजता बोलावलं आहे. नाक्यावर अडवलं तर आदेशाची प्रत आणि हा मेसेज दोन्ही दाखवा. शांतपणे बोला. समोरचा पोलीसही सकाळपासून उन्हात उभा असतो. जिल्ह्याबाहेर जायचं असेल तर ई-पासची (प्रवासाच्या ऑनलाइन परवान्याची) सोय आहे का ते आधी बघा, निघाल्यावर नको.

आपली हद्दही कमी करा. मुंबईची लोकल १५ जून २०२० ला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्यांना ती ठरावीक वेळांत १ फेब्रुवारी २०२१ पासून मिळाली आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली. ठाणे-मुलुंडची गिऱ्हाइकं मी तिथल्याच एका ओळखीच्या प्लंबरकडे दिली आणि त्याने त्याची डोंबिवलीतली मला. स्कूटरवर वीस मिनिटांत पोचता येईल एवढंच वर्तुळ ठेवलं.

२. अर्धं काम फोनवर करा

सगळ्या लेखातून एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. साथीच्या काळात प्रत्येक खेप म्हणजे एक जादा जिना, एक जादा घर, दोन-चार जादा माणसं. पूर्वी आम्ही आधी बघायला जायचो, मग सामान आणायला, मग बसवायला. तीन खेपांची एक करायची असेल तर प्रश्न नीट विचारायला शिकलं पाहिजे.

गळती कुठून होते आहे, नळाच्या तोंडातून की मुठीखालून? तोंडातून असेल तर वॉशर किंवा कार्ट्रिज, मुठीखालून असेल तर ग्लँड (दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग). नळ फिरवून उघडायचा आहे की पाव वेढ्याचा? पाइप लोखंडी आहे की प्लास्टिकचा, प्लास्टिकचा असेल तर पांढरा की फिकट पिवळसर? फ्लशची टाकी सतत वाहते की भरतच नाही? प्रत्येक ठिकाणचे दोन फोटो मागवा, एक जवळून, एक दोन पावलं मागे जाऊन. दुसऱ्या फोटोतच पान्याला जागा मिळेल की नाही ते कळतं. वायरमन असाल तर विचारा की फक्त त्यांच्याच घरची वीज गेली आहे की शेजारची पण, आणि एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडला आहे का. जळका वास येत असेल तर मेन स्विच बंद करून लांब राहायला सांगा. फोनवरून गिऱ्हाइकाला बोर्ड उघडायला कधीही लावू नका.

मे २०२० मधला एक फोन सांगतो. सत्तरीच्या काकू, घरात एकट्या, मुलगा परदेशात. स्वयंपाकघरात सिंकखालचा होज फुटला होता आणि पाणी हॉलपर्यंत आलं होतं. इमारत सील, मला आत सोडणार नाहीत. व्हिडिओ कॉल लावला. त्यांचा हात थरथरत होता, त्यामुळे मला कधी छत दिसायचं, कधी पाण्यात भिजलेला साडीचा काठ.

“काकू, फोन ओट्यावर टेकवून ठेवा. आता खाली वाका. भिंतीतून छोटा कॉक बाहेर आलाय, दिसतोय का?”

“दोन आहेत रे.”

“ज्याला फुटलेला पाइप लावलाय तो. घड्याळाच्या काट्यासारखा फिरवा.”

“फिरत नाही. घट्ट आहे.”

कॉक बारा वर्षांत कुणी हलवलेला नव्हता. मी त्यांना कोरडं फडकं गुंडाळून धरायला सांगितलं, आधी केसभर उलटं, मग सुलट, पुन्हा थोडं उलटं. तिसऱ्या खेपेला तो सुटला. पाण्याचा आवाज थांबलेला मला इकडे फोनवर ऐकू आला. काकू खाली ओल्या फरशीवरच बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, थांबलं रे.”

त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी काम झाल्यावर घरच्यांना मुख्य कॉक आणि सगळे अँगल कॉक (भिंतीतून निघणारे तसले छोटे कॉक) दाखवतो आणि एकदा त्यांच्याच हातून बंद-चालू करून घेतो. तुम्हीही ही सवय लावा, साथ असो नसो.

फोन ठेवण्याआधी दोन गोष्टी न लाजता विचारा. घरात कुणाला ताप, खोकला आहे का, आणि इमारत सील आहे का. २०२१ च्या नियमांत पाचपेक्षा जास्त बाधित असलेली सोसायटी सूक्ष्म प्रतिबंधित क्षेत्र धरली जायची आणि गेटवर तसा फलक लावावा लागायचा. अशा ठिकाणचं, थांबलं तरी चालेल असं काम पुढे ढकला. अगदीच पाणी तुंबलं असेल तर सेक्रेटरींशी बोलून, परवानगी घेऊनच जा.

३. पिशवी

दुकानं कधी उघडतील याचा भरवसा नसतो, म्हणून झिजणारं सामान महिनाभराचं घरात ठेवा: वॉशर, टेफ्लॉन टेप, अर्धा इंची अँगल कॉक, कनेक्शन होज, बॉल कॉक, सीपीव्हीसीचे (फिकट पिवळसर प्लास्टिक पाइपाचे) एल्बो-कपलर आणि ते चिकटवायच्या सोल्युशनचा छोटा डबा. मोठा डबा एकदा उघडला की आटून घट्ट होतो. कामाला निघताना फोटो बघून लागेल तेवढंच घ्या. जड पिशवी फरशीवर ठेवायला जुन्या ताडपत्रीचा तुकडा सोबत असू द्या.

४. घरात शिरल्यावर

आधी खिडक्या उघडायला सांगा, मग पिशवी खाली ठेवा. हवेतून पसरणाऱ्या रोगात हात धुण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त महत्त्व मोकळ्या हवेला आहे. न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा असेल तर काम संपेपर्यंत चालू ठेवा. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो, तो बंद करायला सांगा. घरच्यांनी दुसऱ्या खोलीत बसावं, काही विचारायचं असेल तर फोन करावा. सुरुवातीला हे सांगताना जीभ अडखळते, पण बहुतेक लोकांना बरंच वाटतं.

मास्क एन-९५ आणि झडप नसलेला घ्या, कारण झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो. घामाने भिजला की बदला. दिवसाला दोन मास्क तरी लागतातच. चहा-पाणी नम्रपणे नाकारा, कारण ते प्यायला मास्क खाली घ्यावा लागतो.

आता तीन धोके, ज्यांबद्दल आमच्या लोकांना पुरेसं सांगितलं गेलं नाही. पहिला, अल्कोहोलचं सॅनिटायझर पेटतं. हाताला लावून लगेच गॅस कटर, ब्लो लँप किंवा ठिणगी उडणारं यंत्र हातात घेऊ नका. हात पूर्ण कोरडे होऊ द्या, नाहीतर सरळ साबणाने धुवा. दुसरा, सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीच) आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. गिऱ्हाइकाने आधी अ‍ॅसिड टाकलं आहे का ते विचारल्याशिवाय ब्लीच ओतू नका. तिसरा धोका वायरमनना: ओलं हत्यार, ओला हात. सॅनिटायझर फवारलेला टेस्टर पुसून, सुकवून मगच वापरा.

हत्यारांना हायपोक्लोराइट लावलं तर पाने गंजतात. त्यांना साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरतं. फरशीसाठी एक टक्क्याचं द्रावण लागत असेल तर बाजारातल्या पाच टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी घाला.

५. जोडीदार ठरवून ठेवा

आजारी पडलं की कामं दुसऱ्याकडे जातील, या भीतीने माणसं ताप अंगावर काढून कामाला जातात. मीही एकदा कणकण असताना पॅरासिटामॉल घेऊन निघालो होतो. जिन्यापर्यंत जाऊन परत फिरलो, कारण ज्यांच्याकडे चाललो होतो त्यांच्या घरात डायलिसिसवरचे आजोबा होते. त्याच संध्याकाळी दोन ओळखीच्या प्लंबरांशी बोलून ठरवलं: एक आजारी पडला तर उरलेल्यांनी त्याची गिऱ्हाइकं सांभाळायची, बरा झाल्यावर परत द्यायची, आणि त्या दिवसांतल्या मजुरीतला चौथा हिस्सा त्याच्या घरी पोचवायचा. तोंडी बोलणं होतं, पण पाळलं गेलं. हेल्परलाही या ठरावात घ्या. तो आजारी असून कामावर येतो तो बहुतेक वेळा रोजंदारी बुडेल म्हणूनच.

६. पैसे आणि कागद

मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून, येण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. दारात घासाघीस म्हणजे समोरासमोर दहा मिनिटं. क्यूआर कोड छापून पिशवीला लावा. ज्यांची नोकरी गेली आहे त्यांना हप्ते द्या, पण तारीख लिहून.

कर्जाचा हप्ता थांबवण्याची सवलत मिळाली तर घाई करू नका. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची मुभा दिली, पण व्याज चालूच होतं. एक लाखाच्या कर्जावर वर्षाला १२ टक्के दराने सहा महिन्यांचं साधं व्याजच ६,००० रुपये होतं. भरणं शक्य असेल तर भरलेलं बरं.

कागद मात्र साथ यायच्या आधी करा, म्हणजे आत्ताच. बांधकामाच्या ठिकाणी वर्षातून ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या प्लंबर, वायरमन, सुतार, रंगाऱ्यांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. पहिल्या लॉकडाउनमध्ये नोंदीत कामगारांच्या खात्यावर २,००० रुपये आले, २०२१ मध्ये १,५००. रक्कम मोठी नव्हती, पण ज्यांची नोंदणी नव्हती त्यांना तीही मिळाली नाही. मंडळाला ९० दिवसांचा दाखला लागतो, म्हणून ठेकेदाराकडून काम संपल्याबरोबर सही घ्या. वर्षाने तो सापडत नाही. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढा. छोट्या धंद्यांची उद्यम नोंदणी आधारवर फुकट होते, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

७. बंद घरं उघडताना

प्लंबरांसाठी ही शेवटची पायरी. लोक गावी जातात, फ्लॅट महिनोन्‌महिने बंद राहतो आणि नहाणी ट्रॅपमधलं (सांडपाण्याच्या जाळीखालच्या, पाणी अडवून ठेवणाऱ्या भांड्यातलं) पाणी सुकतं. ते पाणी म्हणजे आपल्या आणि गटाराच्या मधलं झाकण. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात सुकलेल्या ट्रॅपमधून, एक्झॉस्ट पंख्यांच्या ओढीने सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा घरांत आल्याचं पुढे आलं.

म्हणून बंद घरात शिरलात की मास्क लावूनच शिरा, खिडक्या उघडा, आणि एक्झॉस्ट लावण्याआधी प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओता. बेसिन, सिंक, बाल्कनीतला आणि वॉशिंग मशिनखालचा ट्रॅप विसरू नका. नळ पाच मिनिटं सोडून साठलेलं पाणी जाऊ द्या. निघताना किल्ली शेजाऱ्यांकडे असेल तर त्यांना सांगून ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा येऊन एवढं पाणी घालत जा.