माळावरच्या प्रकल्पाचा अर्ज: यंदा तरी परवानगी आधी

मागच्या खेपेला माळावरच्या गवताच्या अभ्यासासाठी निधी मागणारा आमचा प्रस्ताव मंजूर झाला होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण अर्ज फसला म्हणजे नामंजूर झाला असंच सगळ्यांना वाटतं. आमचा मंजूर झाला, पहिला हप्ता आला, फेलोशिपवरची संशोधक मुलगी (जेआरएफ) रुजू झाली. ऑक्टोबरात चौकटीतलं गवत कापून तोलायला एक मीटर बाय एक मीटरची चौकट, विळे आणि वजनकाटा घेऊन आम्ही माळावर पोचलो, तर वनरक्षकाने विचारलं, "परवानगीचं पत्र?" मी मोठ्या ऐटीत उपवनसंरक्षकांचं सहकार्याचं पत्र पुढे केलं. त्याने ते वाचलं, परत दिलं आणि आम्हाला चहा पाजला. चौकट काही टाकू दिली नाही. त्याचं बरोबरच होतं. खरी परवानगी आली फेब्रुवारीत. तोवर अर्धं गवत चरून संपलं होतं, उरलेलं जाळरेषेत, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून आधीच जाळतात त्या पट्ट्यात, गेलं होतं.

म्हणून यादीतलं पहिलं काम: ज्या आठवड्यात निधीचा प्रस्ताव पाठवाल त्याच आठवड्यात परवानगीचा अर्ज टाका. मंजुरीची वाट बघू नका. निधी नाहीच मिळाला तर एक पत्र वाया जाईल, बस. उलटं झालं तर अख्खा हंगाम जातो. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं पावसावर वाढतात, पावसाळ्याच्या अखेरीला भरात येतात आणि मग वाळतात. त्यांचं वजन त्याच दिवसांत घ्यावं लागतं. तीन वर्षांच्या प्रकल्पात असे हंगाम तीनच.

अर्ज कुणाकडे करायचा हे जमिनीवर ठरतं, आणि माळ दिसायला एकसारखा असला तरी कागदावर एकसारखा नसतो. आमच्या तीन तुकड्यांपैकी एक अभयारण्यात होता, एक प्रादेशिक वनविभागाच्या राखीव वनात आणि एक गायरानात. अभयारण्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षक, म्हणजे नागपूरचं कार्यालय. राखीव वनासाठी उपवनसंरक्षक. गायरान सरकारी मालकीचं, पण वहिवाट गावाची, म्हणून ग्रामपंचायत आणि तहसील दोन्हीकडे जा. आधी सातबारा काढा, त्यावरचा गट क्रमांक आणि वनखात्याचा कक्ष क्रमांक नकाशावर जुळवा. महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या नोंदी जुळत नसतील तर तो तुकडा सोडा आणि दुसरा शोधा. त्यांचा वाद तुमच्या तीन वर्षांत मिटणार नाही. सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभेत जाऊन बोला, नुसतं पत्र टाकून मोकळे होऊ नका.

अर्जात कृती नेमकी लिहा. 'गवताळ प्रदेशाचा अभ्यास' एवढंच लिहिलंत तर पत्रही तेवढंच येईल. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली अभ्यासासाठी अभयारण्यात प्रवेश मिळतो, पण तिथून काही काढून नेण्याला कलम २९ आडवं येतं. गवत कापून पिशवीत भरणं म्हणजे काढून नेणंच. किती चौकटी, किती किलो, माती किती खोलीवरून, रात्री थांबणार का, कॅमेरा ट्रॅप लावणार का, सोबत कोण, हे सगळं लिहा. ड्रोन उडवायचा असेल तर त्याचा उल्लेख स्वतंत्रपणे करा. ड्रोनची नोंदणी झाली म्हणजे वनखात्याची परवानगी मिळाली असं होत नाही. परदेशी सहकारी असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा आधी वाचा.

आणि पुन्हा सांगतो, सहकार्यपत्र म्हणजे परवानगी नव्हे. सहकार्यपत्र प्रस्ताव तपासणाऱ्या समीक्षकाला दाखवायचं असतं, परवानगी वनरक्षकाला. दोन्ही वेगवेगळ्या फायलींत ठेवा.

सहकार्यपत्र घ्यायला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: वनविभागाची कार्य आयोजना (वर्किंग प्लॅन) कधी सुधारायची आहे? ती साधारण दहा वर्षांची असते. तुमचे निष्कर्ष त्या सुधारणेच्या आधी हाती येणार असतील तर प्रस्तावात तसं ठळक लिहा. 'धोरणकर्त्यांना उपयोग होईल' हे वाक्य सगळेच लिहितात आणि कोणी वाचत नाही. 'या कक्षांतली चराई कुठल्या महिन्यात बंद ठेवायची ते ठरवता येईल', असं लिहिलेलं वाचलं जातं.

बायोडेटा, सारांश, संस्थाप्रमुखांची सही ही कामं तुम्हाला ठाऊक आहेत. सही मात्र शेवटच्या दिवसावर ठेवू नका, साहेब दौऱ्यावर असतात.

अंदाजपत्रकात आवर्ती (पुन्हा पुन्हा होणारा) आणि अनावर्ती (एकदाच होणारा) खर्च वेगळे दाखवा. जेआरएफचे २०२३ पासूनचे दर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. जुन्या प्रस्तावातून उचललेला आकडा तसाच ठेवू नका. गाडीभाडं आपण नेहमी कमी धरतो. स्थानिक मजुरी धरा, गवत वाळवायला ओव्हन धरा. उपकरणं सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून घ्यायची तर वेळ जातो, तोही धरा.

वेळापत्रकात पहिले सहा महिने 'परवानगी व पूर्वतयारी' असं सरळ लिहा. समीक्षक हसत नाहीत. मी लाजेखातर लिहिलं नव्हतं. पैसा पडून राहिला, निधी कसा खर्चला ते सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रात शिल्लक दिसली, दुसरा हप्ता अडकला आणि पोरीची फेलोशिप चार महिने रखडली. तिला काय सांगायचं होतं मी? गवत नव्हतं म्हणून?

पुढचं थोडक्यात. सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या पीएफएमएस प्रणालीवर खातं आधीच जोडा. स्वयंसेवी संस्था असाल तर संस्थांच्या नोंदणीच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागेल. उपयोगिता प्रमाणपत्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) १२-ए नमुन्यात द्या. निधीवरचं व्याज तुमचं नाही, ते भारतकोश या सरकारी भरणा पोर्टलवर भरा. अहवाल वेळेत द्या, त्याची एक प्रत वनविभागाला मराठीत द्या.

परवानगीची मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. नूतनीकरणाचा अर्ज उन्हाळ्यातच करायचा, ऑक्टोबरात नाही.