स्ट्रट (चाकाजवळचा, स्प्रिंग बसणारा शॉक अॅब्सॉर्बर) बदलताय? आधी हे वाचा

गाडीची उंची कमी करणारे स्प्रिंग घेतले असतील तर स्ट्रटही त्याच स्प्रिंग रेटला (स्प्रिंगच्या कडकपणाला) झेपेल असा घ्या, नाहीतर गाडी खड्ड्यानंतर डुलतच राहते. आणि एकच बाजू बदलू नका, जोडीनेच.

गाडी जॅक स्टँडवर घ्या, ब्रेक होजचा ब्रॅकेट आणि स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या बारला जोडणारा छोटा दांडा) आधी सोडवा, कारण स्ट्रटचे खालचे बोल्ट निघाले की नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाहेर झुकतो आणि होजवर ताण येतो, म्हणून नकल तारेने बांधून ठेवा. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय स्ट्रटच्या रॉडवरचा वरचा नट अजिबात सोडू नका, स्प्रिंग उडून जीवावर बेतेल! नवीन स्ट्रटच्या रॉडला पक्कड लावू नका बरं का, ओरखडा पडला की सील गेलं. शेवटी चाकांचं अलाइनमेंट, ते टाळलं तर टायर खाल्ले जातात.