जुनी कंबरदुखी आणि आठ तासांचं ऑफिस: या चुका टाळा

तीन महिन्यांहून जास्त टिकलं की दुखणं जुनाट धरतात. अशी कंबर घेऊन काम करणाऱ्यांचं गणित वाईट दिवशी नाही, बऱ्या दिवशी चुकतं. सोमवारी कंबर हलकी वाटते म्हणून साचलेलं सगळं एका बैठकीत उरकायचं. मंगळवारी उठताना टेबल धरायचं, बुधवारी रजा टाकून पडून राहायचं. पडून राहिलं की स्नायू ढिले होतात आणि पुढच्या सोमवारी तेवढंच काम जास्त दुखवतं.

म्हणून काम घड्याळावर करा. किती मिनिटं बसल्यावर दुखणं वाढतं ते तीन दिवस लिहून ठेवा. समजा 40, 30 आणि 35 आली. सरासरी 35, तिचा पाचवा हिस्सा वजा करा, उरली 28. मोबाइलवर 28 मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की उठा, दुखत नसलं तरी. ‘एवढा मेल पाठवतो’ इथेच घात होतो. पाण्याची बाटली भरून आणली तरी पुरे. आठवडाभर जमलं तर दोन-तीन मिनिटं वाढवा. साहेबांनाही नुसतं ‘कंबर दुखते’ सांगू नका. ‘अर्ध्या तासाने उठावं लागतं, लांबलेल्या मीटिंगमध्ये मध्येच उभा राहीन’ असं सांगा.

महागडी खुर्ची घेतली आणि पाय अधांतरी, हे हमखास दिसतं. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. लॅपटॉप उंचावलात तर कीबोर्ड वेगळा घ्या, नाहीतर मान सुटते आणि खांदे धरतात. कंबरेच्या आधाराचा पट्टा दिवसभर बांधून ठेवू नका.

सगळ्यात महागात पडते ती वेदनाशामक गोळ्यांची चूक. सकाळी डायक्लोफेनॅक, दुपारी उतारा नाही म्हणून दुकानातून आणलेलं आयबुप्रोफेन. नावं दोन, जात एकच. जठराला व्रण होतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं नाव वाचा, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.

चाळिशीच्या आत पहाटे कंबर दुखून जाग येत असेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहून हालचालीने कमी होत असेल, तर दोष बहुधा खुर्चीचा नाही. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. लघवी अडकली, जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.