जाम झालेला पेडल शाफ्ट काढताना

जुन्या स्पोर्ट्‌स कारचा पेडल बॉक्स (पेडल्स बसवलेली चौकट) गाडीतून उतरवूनच काम करा. डॅशबोर्डखाली हातोडा फिरवायला जागाच मिळत नाही. रिटर्न स्प्रिंग, स्प्लिट पिन (टोकं दुमडलेली तारेची खीळ), सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढा. शाफ्टच्या, म्हणजे पेडल ज्यावर फिरतं त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांशी पेनिट्रेटिंग ऑइल (फटीत शिरून गंज सैल करणारं पातळ तेल) सोडून रात्रभर मुरू द्या.

शाफ्ट लगेच ठोकू नका. टोक पसरलं, की तो बुशमधून (शाफ्ट ज्यात बसतो त्या नळीतून) निघतच नाही. आधी पेडल पुढे-मागे हलवत राहा. फटीतून लालसर तेल पाझरलं, म्हणजे गंज सुटतोय. मग ब्रॅकेटला पलीकडून पाइपच्या तुकड्याचा आधार द्या, नाहीतर पत्रा वाकतो, आणि शाफ्टपेक्षा 1 मिमी बारीक पितळी ड्रिफ्टने (ठोकायच्या दांड्याने) ठोका.

तरीही हलला नाही, तर शाफ्ट नव्हे, भोवतालचा पेडलचा भाग तापवा. त्याआधी ब्रेक ऑइल आणि पेनिट्रेटिंग ऑइल पूर्ण पुसा, दोन्ही पेटतात.