मोंढ्याचं भाव-ॲप एनजिनएक्समागं कसं उभं करायचं

समजा, लातूरच्या मोंढ्यात सौदा निघाला की सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव दाखवणारं एक ॲप आहे. जँगोत (पायथनचं वेब-फ्रेमवर्क) लिहिलेलं, गनिकॉर्नवर (पायथनची वेब-ॲप चालवणारा सर्व्हर) चालणारं, सर्व्हर उबुंटूचा. गनिकॉर्न थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका. शिवारात रेंज एक-दोन कांड्यांवर असते. असा एक मोबाइल उत्तर हळूहळू ओढत बसला की तेवढा वेळ गनिकॉर्नचा एक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रक्रिया) अडकतो, आणि तीन-चारच वर्कर असतील तर सगळ्यांचं थांबतं. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर पुढं असला की विनंत्या तोच झेलतो, ॲपचं उत्तर स्वतःकडं घेऊन वर्करला मोकळं करतो.

आधी ॲप एकटं चालतंय का ते बघा. गनिकॉर्न १२७.०.०.१:८००० वर (म्हणजे याच सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावर, पोर्ट ८०००) सुरू करा आणि सर्व्हरवरूनच कर्ल या कमांडनं तो पत्ता मागवा. ४०० (चुकीची विनंती) आलं तरी घाबरू नका, ॲप जिवंत आहे. फक्त जँगोच्या ॲलाउड होस्ट्समध्ये (ॲप कोणत्या पत्त्यांना उत्तर देईल त्याची यादी) तो पत्ता नाही. काहीच उत्तर नसेल, तर एनजिनएक्सला हात लावण्यात अर्थ नाही.

मग एनजिनएक्सच्या साइट्स-अव्हेलेबल फोल्डरमध्ये फाइल करा (वाचायला देवनागरी दिली आहे, फाइलमध्ये अक्षरं आणि आकडे रोमनच लिहा):

सर्व्हर {
  लिसन ८०;
  सर्व्हर_नेम तुमचं-डोमेन;
  क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज १०एम;
  लोकेशन / {
    प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:८०००;
    प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट;
    प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-फॉर $प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर;
    प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो $स्कीम;
  }
}

हेडरच्या तीन ओळी गाळू नका. गेटवरच्या माणसानं प्रत्येक गाडी स्वतःच्याच नावावर आत सोडली, तर आडत्याला माल कुणाचा ते कसं कळणार? तसंच या ओळी नसतील तर ॲपला प्रत्येक विनंती १२७.०.०.१ वरून आल्यासारखी दिसते. प्रोटोची ओळ नसेल किंवा जँगोत सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर (मूळ विनंती एचटीटीपीएसची होती हे त्या ओळीवरून ओळखायची सेटिंग) लावलेला नसेल, तर एचटीटीपीएस सक्तीचं करताच पान स्वतःकडंच फिरत राहतं. आणखी एक: आतल्या लोकेशनमध्ये प्रॉक्सी_सेट_हेडरची एक जरी ओळ टाकली, तरी बाहेर सर्व्हर पातळीवर लिहिलेल्या अशा सगळ्या ओळी तिथं लागू होत नाहीत. त्या पुन्हा लिहाव्या लागतात.

फाइलची लिंक साइट्स-एनेबल्ड फोल्डरमध्ये पूर्ण पाथ देऊन करा, नाहीतर लिंक तुटकी बनते. मग ‘एनजिनएक्स -टी’ चालवा आणि सगळं ठीक असेल तर रीलोड करा. रीस्टार्ट नको: फाइलमध्ये चूक असली तर रीलोडला जुनी मांडणी चालू राहते, रीस्टार्टला साइटच बंद पडते.

सर्वांत जास्त वेळ खाते ती शेवटची तिरकी रेघ. लोकेशन /एपीआय/ आहे आणि मोबाइलनं /एपीआय/भाव/सोयाबीन मागितलं. प्रॉक्सी_पासचा पत्ता ८००० वर संपला, तर ॲपला पूर्ण /एपीआय/भाव/सोयाबीन मिळतं. ८००० नंतर रेघ असेल, तर /एपीआय/ कापलं जाऊन /भाव/सोयाबीन पोचतं. लोकेशन नुसतं /एपीआय आणि पत्त्याला मात्र रेघ असेल, तर //भाव/सोयाबीन जातं आणि ४०४ येतं. दोन्हीकडं रेघ द्या किंवा दोन्हीकडं नको, म्हणजे गोंधळ टळतो.

बिघाड झाला की अंदाज बांधू नका, एनजिनएक्सची एरर लॉग उघडा. ५०२ (ॲपकडून नीट उत्तर आलं नाही) सोबत लॉगमध्ये १११ हा आकडा म्हणजे त्या पोर्टवर कुणी ऐकतच नाही: ॲप पडलंय, पोर्ट चुकलाय, किंवा ‘लोकलहोस्ट’ लिहिल्यानं एनजिनएक्स आयपीव्ही-६ च्या पत्त्यावर जातोय. म्हणून १२७.०.०.१ च लिहावं. १३ आकडा म्हणजे परवानगी नाही; रॉकी किंवा रेड हॅट लिनक्सवर बहुधा एसईलिनक्स ही सुरक्षा-यंत्रणा अडवते, तिथं तिचं एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट हे सेटिंग चालू करा. मालाचा फोटो चढवताना ४१३ (पाठवलेलं फार मोठं आहे) आलं, तर बॉडी साइजची ओळ राहिली आहे: मुळातली मर्यादा १ एमबी असते आणि मोबाइलचा फोटो सहज ३-४ एमबी भरतो.

उशिराच्या उत्तरांचं गणित वेगळं आहे. मुळातल्या सेटिंगनुसार एनजिनएक्स ६० सेकंद वाट बघून ५०४ (वेळ संपली) देतो, पण गनिकॉर्न ३० सेकंदांतच वर्कर मारून टाकतो. त्यामुळं वर्षभराच्या भावांची सरासरी काढणारं पान ३० व्या सेकंदाच्या आसपास ५०२ देत असेल, तर प्रॉक्सी_रीड_टाइमआउट कितीही वाढवा, फरक पडणार नाही. आधी गनिकॉर्नचा टाइमआउट वाढवा आणि एनजिनएक्सचा त्याहून थोडा जास्त ठेवा. खरं तर अशी सरासरी रात्री क्रॉननं (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) काढून टेबलात ठेवावी, म्हणजे सकाळी सौदा निघायच्या वेळी एकही वर्कर त्यात गुंतत नाही.